हुंगल्याशिवाय कामाला घ्यायचं नाही

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. फोनवर आपण दोघं नुसते हं-हं करत बसतो, म्हणून पत्रच बरं. माझे टाके आता दुखत नाहीत. माझं मूत्रपिंड तीन महिन्यांपासून तुझ्याकडे मुक्कामाला आहे. पाहुणा म्हणून लाडावून ठेवू नकोस, कामाला जुंप.

या पाहुण्याला तुझ्या शरीराने हाकलू नये म्हणून डॉक्टरांनी तुझी प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली आणली आहे. त्याचा फायदा घेऊन फुफ्फुसात जंतू शिरू नयेत म्हणून वेगळी गोळी दिली आहे. हे मी आता गिऱ्हाइकांनाही समजावून सांगतो. दवाखान्याचं पत्रक मी नीट वाचलं. शाळा चौथीत सुटली तरी बांधणीला आलेल्या पुस्तकांनी मला तेवढं शिकवलंय. गोळी चुकवू नकोस. गोळी आहे तोवर छातीची काळजी नाही.

तपासण्यांसाठी मावशीकडे राहून रिकामे हात खायला उठतात असं तू लिहिलंस, म्हणून बाबांची वही पाठवतोय. खळीच्या कृती, पुस्तकांची मापं, सगळं त्यांच्या अक्षरात आहे. जिन्याखालच्या पेटीत होती. शिवण उसवली आहे. सावकाश शिव. मावशीला नमस्कार.

लोभ वाढता असावा, खोकला मुळीच नसावा.

तुझा,
दादा

१९ फेब्रुवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. वही पोचली. पार्सल फोडून मी आधी काय केलं असेल ते तूच ओळख. बाबा टेबलापलीकडे उभे असल्यासारखा मास्क खाली ओढला, शिवणीत नाक खुपसलं आणि भरून श्वास घेतला. पुस्तक हुंगल्याशिवाय कामाला घ्यायचं नाही, ओल डोळ्याआधी नाकाला कळते, हे आपल्याला बाराखडीच्याही आधी शिकवलेलं. ओल आहे, दादा! तुझ्या नाकाला गंज चढला की काय? मागच्या पानांवर काळपट ठिपके होते, ते ब्रशने झटकून टाकले.

पानांचे दोन जुज शिवून झाले. शिवताना मी बाबांसारखे ओठ दुमडते असं मावशी म्हणते. पाहुणा मजेत आहे.

तुझी माया आहेच, ती अशीच राहो.

तुझी,
धाकटी

८ मार्च

चि. थोरल्यास,

मावशीचे आशीर्वाद. वि. वि. तू घाबरशील म्हणून चार दिवस लिहिलं नाही, पण आता लपवण्यात अर्थ नाही. धाकटीला दवाखान्यात ठेवलंय. सहा दिवस ताप आहे, खोकला कोरडा, परवा थुंकीत रक्ताची रेघ दिसली. न्यूमोनियाचं औषध चालू केलं, ताप हटला नाही. उजव्या फुफ्फुसात डाग आहे. नळी घालून आतलं पाणी तपासायला नेलंय, त्याला दिवस लागतील.

छातीच्या डॉक्टरबाई तिला फिरून फिरून विचारतात, माती हाताळलीस का, पाखरांची घाण, ओली भिंत, बुरशी? पोरगी मानेनेच नाही म्हणते. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. काही धागा मिळाला तर नेमकं औषध लवकर देता येईल, असं बाई मला बाहेर येऊन म्हणाल्या. मला तरी काही सुचत नाही. तुला सुचलं तर बघ.

तब्येतीला जप.

तुझी,
मावशी

१० मार्च

चि. धाकटीस,

आशीर्वाद. मावशीचं पत्र दुपारी आलं. वाचून झाल्यावर मी दोन पुस्तकांना सरस लावला. एकाचा पुठ्ठा उलटा बसवला. मग जिन्याखालची पेटी बाहेर ओढली. तळाला बुरशी होती, काळी, बोटाएवढी जाड. मग तुझं पत्र काढलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हसलो होतो.

समोरच्या औषधवाल्याकडून वॉर्डात फोन लावला. डॉक्टरबाई स्वतः आल्या. वहीचं सांगितलं, हुंगल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या की ती गोळी ठरावीक जंतूंनाच अडवते, या बुरशीला नाही. ओल, बुरशी, जुनी धूळ यांच्यापासून लांबच राहायचं असतं, पत्रकाच्या मागच्या पानावर लिहिलंय. मी पत्रक काढून बघितलं. आहे. जन्मभर पुस्तकं बांधली आणि एक पान उलटलं नाही.

मला बोल लागू नये म्हणून तू गप्प बसलीस, हे मला कळतं. पुन्हा असं करू नकोस. लागला तर लागू दे. बोल लागून कोणी मरत नाही.

रडू येत नाही. आत कोणी पुठ्ठा घातल्यासारखं झालंय. हात मात्र कामं करतात.

दादा

२ एप्रिल

ती. दादास,

सा. न. वि. वि. एवढं लिहायला दोन दिवस लागले. तू फोन केलास त्याच संध्याकाळी बुरशीवरचं औषध सुरू झालं. तपासणीत बुरशीच निघाली. वहीमुळेच झालं असं छातीठोक सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणतात. पाहुण्यासाठीच्या गोळ्यांचं आणि या औषधाचं पटत नाही, म्हणून त्या कमी केल्या; सारखं रक्त तपासतात. पाहुणा टिकून आहे. डाग लहान होतोय. हे औषध अजून काही महिने घ्यायचंय.

तू मागचं पान वाचलं नाहीस, मला तर डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं होतं. नाक पुढे धावलं, अक्कल मागून आली. तेव्हा निम्मा बोल माझ्याकडे दे.

तपासायला मागवलेली वही टाकू का म्हणून नर्सबाईंनी विचारलं. मी हो म्हणाले. बाबांचं अक्षर गेलं, तरी काहीच वाटलं नाही. जुन्या पुस्तकांपाशी आता बसायचं नाही म्हणतात. मला दुसरं काय येतं, दादा? घरी येऊन मी करू काय?

धाकटी

९ एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. वि. वि. डॉक्टरबाईंना पुन्हा फोन केला. या वेळी त्यांचं शेवटपर्यंत ऐकलं. जिन्याखालची पेटी गेली, ओला गिलावा खरवडून काढला, भिंत कोरडी केली. जुनी पुस्तकं आता मागच्या पत्र्याच्या खोलीत, मधलं दार बंद. पुढच्या खोलीत नवं काम. छापखान्यातून आलेले नवे छापील फर्मे तू शिवायचेस, तेही बाई हो म्हणतील तेव्हा. हात धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय मी पुढे येणार नाही.

खळीची कृती आठवेल तशी लिहून काढतोय. एका जागी अडलोय, बुरशी धरू नये म्हणून बाबा मोरचूद किती घालायचे? तुला आठवत असेल तर कळव.

मूत्रपिंड दिलंच आहे, आता नाकही माझंच वापर. बोल मात्र निम्मा मिळणार नाही. तो इथेच राहू दे.

तू ये, बाकी सगळं होत राहील.

तुझा,
दादा

ता. क. हा कागद कोरा आहे, आजच फोडलेल्या गठ्ठ्यातला. हुंगू नकोस. मी हुंगलाय.