एक काडी आखूड

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तू आणि वहिनी मजेत असाल. इथे थंडी पडली आहे, आईचा खोकला गेला, माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. फोनवर पुढचं ऐकायच्या आत तू ‘बरं बरं’ म्हणतोस, म्हणून लिहिते आहे.

आधी कामाचं सांगते, तुला कंटाळा येत असला तरी. आम्ही प्रयोगशाळेत काचेवर सोन्याच्या जोडकाड्या बसवतो, प्रकाशाच्या लहरीहूनही आखूड. तिथे प्रकाश कसा वागणार हे नुसत्या सोन्यावर नाही, मांडणीवर ठरतं. जोडीतल्या दोन्ही काड्या तंतोतंत सारख्या असल्या, तर त्यांच्यातलं एक कंपन समोरून येणाऱ्या प्रकाशाला जागं करताच येत नाही. दोघी एकमेकींना खोडून काढतात. प्रकाश आला तसा निघून जातो.

गेल्या महिन्यात यंत्राच्या चुकीने प्रत्येक जोडीतली एक काडी जराशी आखूड आली. मी तो नमुना टाकूनच देत होते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण म्हणाली, “अगं, मोजून तर बघ. नाहीतरी वायाच गेलाय.” मोजला, तर आलेखात एक बारीक, खोल खाच. प्रकाश तिथे क्षणभर रेंगाळत होता.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आईच्या खोलीच्या दारात उभी राहिले. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे; कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको. तिला परकं वाटू नये म्हणून दोन्हीकडे तीच चादर, तोच दिवा, पलंगही त्याच बाजूच्या भिंतीला. किती शहाणे आपण! तेव्हा ती रोज सकाळी उठली की विचारायची, “आज मी कुणाकडे आहे गं?” हे मी तुला सांगितलं नव्हतं. तूही मला सांगितलं नसशीलच.

मी पलंग खिडकीखाली सरकवला. माझी जुनी पिवळी चादर घातली. हळूहळू तिचं विचारणं थांबलं. एका सकाळी बाहेर बघत म्हणाली, “हे तुझं घर.” मला इतकं बरं वाटलं की चहाचं आधण आटून गेलं.

मग म्हणाली, “छान आहे. आता मला दादाकडे सोड.”

“का गं? इथे काय कमी आहे?”

“काही नाही. तू सगळ्याला हो म्हणतेस. तिथे सूनबाई भांडते माझ्याशी. भाजीत मीठ कमी आहे म्हटलं की म्हणते, उठा आणि घाला तुम्ही. मग मी उठते.”

दोन दिवस मी रागावले होते. कुणावर, ते विचारू नकोस.

रविवारी तिला घेऊन येते. माझे सहा महिने संपलेले नाहीत, माहीत आहे. तिची तिथली खोली आहे तशी ठेव. आणि पुढे कधी ‘आता तुझी पाळी’ असा फोन करू नकोस. तिला भेटायला मीच येत जाईन.

इथला पलंग खिडकीखालीच राहील. चार दिवस पाहुणी म्हणून आली, तरी हे कुणाचं घर ते तिला कळायला हवं.

वहिनीला नमस्कार सांगू नकोस. आल्यावर मी तिच्याशी भांडून बघणार आहे.

तुझी,
धाकटी