लोकल म्हणजे इथलीच

परभणी,
२० जुलै २०२५

चि. रुद्राणीस,
बसम्मा आत्याचे आशीर्वाद. इकडे सगळे ठीक, लाईटही मधूनमधून असते. तू फोन बंद करून लातूरला मैत्रिणीकडे बसलीस, म्हणून पोस्टाला काम लावलं.

आपल्या कॉलेजात सध्या विद्वत्तेला बहर आलाय. कॉम्प्युटरमधले गुण कुणी बदलले, त्यावर पुण्याच्या तज्ज्ञाचा अहवाल आला: सिस्टिमच्या लायब्ररीत दोष आहे. प्राचार्यांनी लगेच ग्रंथालयाला कुलूप ठोकलं. बिचारे ग्रंथपाल रंगनाथ पुस्तकं झटकत बसले. ही लायब्ररी म्हणजे सगळे प्रोग्राम जिच्यावर चालतात तो कोड, हे तू मला शिकवलेलं मी सांगून पाहिलं. ऑफिसातल्या बाईचं कोण ऐकतंय.

पुढं लिहिलं होतं, दोष 'लोकल' आहे. म्हणजे ज्याला मशीनवर साधं लॉगिन दिलंय, असा कुणीही त्या भोकातून अख्ख्या मशीनचा मालक होऊ शकतो. ओसरीत बसवलेला पाहुणा घरमालक. लॉगिन तर निम्म्या स्टाफला आहे. पण संस्थेचे अध्यक्ष सूर्यभानराव म्हणाले, "लोकल म्हंजे इथलीच की. मशीन बघणारे बाकीचे पुण्याचे. इथली एकच हाय, रुद्राणी."

मी हसले. मग त्यांनी ते इतिवृत्तात घेतलं.

आता ज्यासाठी बसले ते लिहिते. वीरभद्रदादानं, तुझ्या बापानं, तुझ्या वतीनं माफीनाम्यावर सही केलीय. 'मुलीकडून चूक झाली.' मी जाब विचारला तर म्हणाला, "लोक काय काय बोलायलेत. माफी मागितली की मिटतंय. तू मधी पडू नको." वाईट नाही गं तो, भ्यालाय. पण सोमवारी, २८ तारखेला, चौकशी समितीनं तो माफीनामा मंजूर केला की गुण तूच बदललेस, असं कायमचं होऊन बसेल.

तू ये. मी माफी मागितलेली नाही, एवढंच म्हण. मे महिन्यात तू प्राचार्यांना म्हणालीस, "सर, थोडा वेळ मशीन बंद ठेवा, लायब्ररीतल्या दोषावर दुरुस्ती टाकते," आणि ते म्हणाले, "आधी निकाल लागू दे." तेव्हा मी तिथंच उभी होते. ते मी समितीपुढं सांगणार आहे.

दादाला हे कळलं. त्याचा निरोप आलाय, साक्ष दिलीस तर पंचमीला येऊ नको. पंचमी दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी आहे.

उतरायला माझ्याकडेच ये. दिंडं दोघींपुरती करीन.

यंदापासून माहेर नसलेली,
तुझी आत्या
बसम्मा