न कुडकुडणारं बाळ

पारनेर, मंगळवार, दिवेलागण

लेकीचं बाळ आज पाच दिवसांचं. थंडीनं मी कुडकुडतेय, ते मात्र अजिबात नाही! अंघोळ घालायला येणाऱ्या सखूबाईंनी माझा हात त्याच्या पाठीवर, खांद्यांच्या मधोमध ठेवला. "बघा बाई, हितं ऊब हाय. पोर आतनं तापतंय."

तपकिरी चरबी, तान्ह्यांच्या पाठीत असते ती. बारावीला मीच शिकवते. मायटोकाँड्रियातले प्रोटॉन म्हणजे पाटाचं पाणी. त्यानं पाणचक्की फिरवली की पेशीला शक्ती मिळते. या चरबीत ते अनकपलिंग प्रोटीन नावाच्या फटीतून चक्की न फिरवताच गळतं, नुसती उष्णता होते. मुलांना सांगितलं, शक्ती वाया जाते. वाया? मग ती ऊबदार पाठ? इतकी वर्षं काय शिकवलं मी?

सखूबाईंनी बाळ लेकीच्या छातीशी दिलं, बाजेखालची शेगडी माझ्याकडं सरकवली. "त्याचं जळान दूध. ही तुमाला."