गच्चीवरचं तापमान, सकाळी सहा

२ सप्टेंबर, सकाळी ६.०५
आजपासून सुरुवात. गच्चीवर पांढरी पेटी बसवली. नवऱ्याने जुन्या ड्रॉवरला भोकं पाडून करून दिली. आत डिजिटल थर्मामीटर. रोज सकाळी सहाला रीडिंग, नव्वद दिवस. प्रबंधाचं नाव: ‘वस्तीपातळीवरील तापमानबदल आणि स्थानिक धोरणाची दिशा’.
जागतिक पर्यावरण बदलातली ही पदव्युत्तर पदवी सहा वर्षं रखडली आहे. तिसरी मुदतवाढ १५ डिसेंबरपर्यंत. विद्यापीठाने पत्रात ‘अंतिम’ हा शब्द ठळक छापलाय. त्यानंतर नाव पटावरून कमी. ऑफिसातून बिनपगारी रजा काढली. म्हणजे आता सबबच नाही.
तापमान १९.४.

३ सप्टेंबर, ६.००
वही आखली. तारीख, वेळ, तापमान, शेरा. वेळेच्या रकान्यात एका बैठकीत नव्वद वेळा ‘६.००’ लिहून टाकलं. रोजचा तेवढा वेळ वाचेल. गाइड मॅडम म्हणतात, संशोधनाला शिस्त लागते. (त्या माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तरी मी अहोजाहोच करते.)

१४ सप्टेंबर, ६.३५
अलार्म वाजला होता असं नवऱ्याचं म्हणणं. तापमान १९.९. अर्धा अंश वाढ. लक्ष ठेवायला हवं.

३० सप्टेंबर, ७.१०
२०.८! आलेख काढला. रेघ चढत चाललीय. अंगावर काटा आला.
जेवताना घरी सांगितलं की जग तापतंय, आणि नेमकं आपल्या गच्चीवर तापतंय. लेकीने विचारलं, मग मी सकाळपासून स्वेटर का शोधतेय? तिला समजावलं की अनुभव वेगळा आणि डेटा वेगळा. ती म्हणाली, डेटाला सांग माझं नाक गळतंय. चौदाव्या वर्षी विज्ञानाबद्दल ही वृत्ती. बापावर गेलीय.

१९ ऑक्टोबर, ७.५०
२२.३. पलंगावर दुसरं पांघरूण आलं. जड आहे. त्याखालून निघायला किंचित वेळ लागतो.
उद्यापासून अलार्म दुसऱ्या खोलीत.

२० ऑक्टोबर, ८.०५
दुसऱ्या खोलीतला अलार्म ऐकू येत नाही. हे आधी लक्षात यायला हवं होतं.

६ नोव्हेंबर, ८.२०
२३.६. न राहवून गाइड मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, बाकी शहरात तर पारा उतरलाय. मी म्हटलं, तेच तर! स्थानिक विसंगती. त्यांनी आकडा पुन्हा सांगायला लावला. थक्क झाल्या असाव्यात.
धोरणाचं प्रकरण सुरू केलं. सतरा शिफारशी. पालिकेने आमच्या गल्लीसाठी स्वतंत्र उष्णता आराखडा करावा, इथपासून. पहाटे काम करणाऱ्यांना संरक्षण द्यावं, ही शिफारस लिहिताना डोळे भरून आले.

३० नोव्हेंबर, ८.५५
नव्वदावं रीडिंग. २४.६. एकूण वाढ पाच पूर्णांक दोन. सगळ्या जगाला शतकभरात जे जमलं नाही ते आमच्या गच्चीने तीन महिन्यांत करून दाखवलं.
पुरावा म्हणून रोज थर्मामीटरचा फोटो काढला होता. नव्वदच्या नव्वद परिशिष्टात लावले. आता कोणी बोट ठेवू शकणार नाही.

४ डिसेंबर, दुपारी
गाइड मॅडमची खोली. त्यांनी आधी परिशिष्ट उघडलं. परिशिष्ट कोणी वाचतं का?
थर्मामीटरच्या पडद्यावर तापमानाखाली बारीक घड्याळ आहे. मी ते कधी पाहिलंच नव्हतं. त्या पेन्सिल घेऊन एकेक फोटो बघत गेल्या आणि समासात वेळ लिहीत गेल्या. नव्वद फोटोंना बराच वेळ लागतो. मी खिडकीबाहेर बघत बसले.
मग त्या म्हणाल्या, “ताई, तुम्ही रोज थोड्या उशिरा उठत गेलात. ऊन वर येत गेलं. एवढंच आहे हे.”
ताई याआधी कधी म्हणाल्या नव्हत्या.
मी म्हटलं, म्हणजे वाढ खरी आहे, कारण तेवढं वेगळं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, अकरा दिवस आहेत, जे झालं तेच लिहा. कुठे चुकलं, कसं सापडलं, आणि लोकांनी घरोघरी घेतलेल्या असल्या नोंदींवर पालिकेने कितपत विसंबावं. वीस पानं पुरेत. “मी पास करीन,” असं त्यांनी दोनदा सांगितलं.

५ डिसेंबर, ९.१०
सोपं आहे. रोज दोन पानं, पहाटे. उद्यापासून.

८ डिसेंबर, ९.३०
पहिलं वाक्य: ‘प्रस्तुत अभ्यासात निरीक्षकाकडून’. पुढे क्रियापद सुचत नाही.
म्हणून ऋणनिर्देश लिहायला घेतला. रोज पहाटे माझ्यामुळे ज्यांची झोपमोड झाली त्या पती व कन्येचे आभार. मग ते खोडलं. झोपमोड कोणाचीच झालेली नाही.

११ डिसेंबर
नवऱ्याने चहाचा कप टेबलावर ठेवला आणि कागदाकडे बघून म्हणाला, “अगं, उठायला उशीर झाला, लिहून टाक की. माणूस मेलं का त्यात?” मी म्हटलं, तुला संशोधन कळत नाही. तो डबा भरून कामावर गेला.
दुपारी लक्षात आलं, त्याने वाक्य पूर्ण करून दिलं होतं. क्रियापदासकट.
लिहिलं मात्र नाही. असं साधं लिहून चालत नाही.

१४ डिसेंबर
सतरा शिफारशींच्या बावीस केल्या.
लेक विचारत होती, उद्या देणार ना? तिने मैत्रिणींना सांगितलंय की तिची आई हवामानावर मोठं काम करते. मी हो म्हटलं. तिने वाकून कागद पाहिला. एकच ओळ होती. पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि दार हळू ओढून घेतलं.

१५ डिसेंबर, संध्याकाळी ५.००
विद्यापीठाची खिडकी पाचला बंद होते.
गाइड मॅडमचे चार फोन येऊन गेले. पाचव्याची वाट पाहिली. आला नाही.

१६ डिसेंबर
घरी सांगितलं की विषय फार मोठा निघाला, पदवीत मावणारा नव्हता. सरळ पुस्तकच लिहावं म्हणते. नवरा “बरं” म्हणाला. लेक ताट उचलून आत गेली.

२ जानेवारी
ऑफिसात रुजू. तेच टेबल, तीच हलणारी खुर्ची. नळजोडणीचे अर्ज साठलेत.
हेडक्लार्कनी लांबूनच विचारलं, “काय मॅडम, झालं का तुमचं पर्यावरण?” चारही टेबलांनी माना वर केल्या. माझ्याकडे पुस्तकाचं उत्तर तयार होतं. वाटेत दोनदा घोकलंही होतं.
“नाही झालं,” मी म्हटलं. “मला उठायला उशीर झाला.”
ते पुढच्या वाक्यासाठी थांबले. सगळेच थांबले. पुढे काही नव्हतं.
मग त्यांनी अर्जांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.