टर्कीचा पिसारा आणि डावा हात

सोम., ३ नोव्हेंबर २०१४
हाताच्या सर्जनचा टर्मीन. जर्मनीत अपॉइंटमेंटला हेच म्हणतात. लेकीने, मैत्रीने, डावा हात आपणहून टेबलावर ठेवला. अंगठा, करंगळी आणि मध्ये तीन बोटांच्या जागी नुसत्या तीन बिया. ती त्यांना बियाच म्हणते. डॉक्टरांनी एकेक बी हलवून पाहिली, चेंडू पकडायला लावला, बाटलीचं झाकण उघडायला लावलं. उघडलं तिने.
पायाचं एक बोट काढून हाताला लावता येतं म्हणे. पाच वर्षं म्हणजे तसा उशीरच, पण शाळेआधी करायचं तर फेब्रुवारीत. पकड सुधारेल. दिसायला मात्र बोटासारखं दिसेलच असं नाही.
"करायलाच हवं असं नाही. हात छान चालतोय."
मग करू की नको? तो निर्णय आईवडिलांचा.
मी रसायनशास्त्रात डॉक्टरेट केलेली बाई. सगळं नीट ऐकून घेतलं आणि शेवटी काय विचारलं, तर "तुमची मुलगी असती तर?" त्यांनी फॉर्म दिला. ५ डिसेंबरपर्यंत कळवा.

मंगळ., ४ नोव्हें.
आनंद म्हणतो, करून टाकू. सासूबाई नागपूरहून आल्यात, जानेवारीपर्यंत आहेत. त्या म्हणतात, "मुलीची जात आहे, लहान आहे तोवरच करून घ्या." दोघं माझ्याकडे बघत बसले. मी उठून मशीनला भांडी लावली.

मंगळ., ११ नोव्हें.
किटाची, म्हणजे तिच्या बालवाडीची, कंदिलांची मिरवणूक. बोचरी थंडी. सा.बाईंनी हातमोज्याच्या तीन रिकाम्या बोटांत लोकर भरून दिली होती. लांबून पाचही बोटं दिसत होती. नव्या मुलांच्या आया पाहत होत्या, कुणाला काही कळलं नाही. केवढं हलकं वाटलं मला. घरी येईपर्यंत त्या हलकं वाटण्याचीच लाज वाटायला लागली.
मै.ने दारातच मोजा काढून भिरकावला. "एस युक्ट, आजी!" खाजतंय म्हणे. आजीला शब्द कळला नाही, मोजा उचलून नीट घडी घातली.

गुरु., १३ नोव्हें.
किटाच्या दारावर चिठ्ठी. लिओची आई मेगन, अमेरिकन, २५ तारखेला मुलांकडून कागदावर टर्की पक्षी करून घेणार आहे. त्यांचा सण आहे त्या आठवड्यात. नमुना चिकटवलेला: पंजा रंगात बुडवायचा, कागदावर छापायचा. अंगठा म्हणजे मान, चार बोटं म्हणजे पिसारा. डोळा काढला, चोच काढली की झाला टर्की. प्रत्येकाने दोन करायचे, एक उजव्या हाताचा, एक डाव्या.
वीस मुलं, चाळीस टर्की, ओळीने भिंतीवर. सगळं डोळ्यांपुढे आलं. मागून कुणीतरी वाट मागत "एन्टशुल्डिगुंग" म्हणालं तेव्हा दारातून हलले.

शुक्र., १४ नोव्हें.
फ्राऊ केलरशी, म्हणजे तिच्या गटाच्या बाईंशी बोलले. म्हणाल्या, मुलांना त्या हाताचं काही वाटत नाही. मैत्रीला तर नाहीच नाही. तुम्ही नका काळजी करू.
म्हणजे काळजी माझी एकटीचीच.

सोम., १७ नोव्हें.
लॅबमध्ये बसून मेगनला मेल. चार वेळा लिहिली, चार वेळा पुसली. तासाभरात उत्तर. ओ माय गॉड, सो सॉरी, माझ्या डोक्यातच आलं नाही वगैरे. पंजे रद्द. त्याऐवजी टॉयलेट पेपरच्या पुठ्ठ्याच्या नळ्या आणि पिसाऱ्याला झाडाची पानं. सगळ्याच मुलांसाठी.
आनंदला सांगितलं. "बरं केलंस," म्हणाला. मग थोड्या वेळाने, "तिला विचारलं होतंस?" नाही विचारलं.

शनि., २२ नोव्हें.
घरी तालीम. र्‍हाइनच्या काठावरून पिशवीभर पानं आणली, पिवळी, तपकिरी, दोन लालभडक. पानं ओली, गोंद धरेना. सा.बाईंनी इस्त्री काढली, जुन्या पेपरात घालून एकेक पान इस्त्री करून दिलं.
"हा मोर आहे का गं?"
"नाइन, आजी! ट्रुटहान!" म्हणजे टर्की.
"काय हान?"
मै. हसून हसून जमिनीवर लोळली. डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि करंगळीत नळी घट्ट धरते, उजव्याने पानं लावते. मी मदत करायला गेले तर कोपराने ढकललं. पाच टर्की झाले. एक तिरका आहे, त्याचं नाव आनंद ठेवलंय.
बरा दिवस.

मंगळ., २५ नोव्हें.
हे लिहायलाच हवं.
अर्धी सुट्टी टाकून गेले होते. नळ्यांचे टर्की झाले, मै.ची पानं सगळ्यांनी वापरली, मेगनने तिचं कौतुक केलं. मग लिओ म्हणाला, आम्ही घरी तर हाताचे करतो. डोळे रंगवायला बशीत तपकिरी रंग ठेवला होता, त्यात त्याने पंजा बुडवला आणि टेबलावरच्या कागदावर छापला. झालं. दोन मिनिटांत सगळी पोरं बाह्या सरसावून रांगेत. मेगन माझ्याकडे बघतेय, तोंड पांढरं पडलेलं. फ्राऊ केलर नव्या बशीत रंग ओततायत.
मै.ची पाळी आली. तिने उजवा छापला. मग डावा पुढे केला. अगदी सहज.
मी तिचं मनगट धरलं.
"नको, कपडे खराब होतील," म्हणाले. मराठीत. अंगात अ‍ॅप्रन होता तिच्या.
तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग हाताकडे. ओढून घेतला नाही, रडली नाही. मी सोडल्यावर हात मागे नेला आणि उजवाच पुन्हा एकदा छापला.
एवढी मोठी मी, धरलेलं मनगट तेव्हाच सोडता आलं नाही मला.

शुक्र., २८ नोव्हें.
फ्राऊ केलरनी थांबवून घेतलं. मंगळवारपासून मै. बाकीच्यांबरोबर हात धुवायला जात नाही. सगळे गेले की जाते. डावी बाही बोटांवर ओढून घेते. "घरी काही झालंय का?"
घरी नाही. तुमच्यासमोरच झालं की. पण त्यांना दिसलं नव्हतं, आणि मी "बघते" म्हणून निघाले.
घरीही बाही खालीच. सा.बाई म्हणाल्या, "थंडी वाजते वाटतं पोरीला."

रवि., ३० नोव्हें.
आनंद सकाळी चहा घेताना म्हणाला, "बघ, तिला कळायला लागलंय. आता ऑपरेशनचं ठरवूनच टाकू." तेव्हा सांगितलं. मनगट, कपडे, अ‍ॅप्रन, सगळं. वाटलं चिडेल. चिडला असता तर बरं झालं असतं.
त्याने कप बाजूला ठेवला. मग म्हणाला, "फोटो काढताना मी तिला नेहमी उजव्या बाजूने उभी करतो. तू कधी पाहिलं नसशील."
पाहिलं होतं. मीसुद्धा तेच करते.
मग करायचं का? त्याला माहीत नाही. आधी पक्कं माहीत होतं, आता नाही. मी त्याचंही घालवून बसले.

मंगळ., २ डिसें.
मै.ला जवळ घेऊन सॉरी म्हणाले. म्हटलं, कपड्यांचं खोटं होतं, आईचं चुकलं, तुझा हात छान आहे. "या, या," असं जर्मनमधलं हो हो म्हणाली आणि कार्टून बघत राहिली. बाही खालीच.
सा.बाई स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "मीच ती लोकर भरली ना गं मोज्यात." भाजी चिरत राहिलो दोघी.

गुरु., ४ डिसें.
उद्या शेवटची तारीख. आज लवकर निघाले, तीनलाच तिला किटातून घेतलं. ट्रामला सहा मिनिटं होती. थांब्यावर बसून शेवटी विचारलं.
"डॉक्टर पायाचं बोट हाताला लावणार म्हणाले होते, आठवतं? तुला काय वाटतं?"
"टूट दास वे?"
दुखेल. काही दिवस.
मग पायाला नवीन येणार का? जर्मनमध्येच. नाही येणार, म्हटलं.
पाय हलवत बसली. पाटीवर तीन मिनिटं, मग दोन. आणि एकदम मराठीत, जी ती माझ्याशी कधी बोलत नाही, "आई, तुला पाहिजे का?"
"तुला काय पाहिजे ते सांग ना, पिल्लू."
"मी तुला विचारलं."
ट्राम आली. ती आधी चढली, खिडकीची जागा पकडली, काचेवर वाफ सोडून रेघोट्या ओढत राहिली. उजव्या हाताने.
फॉर्म समोर आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, विम्याचा नंबर, सगळं भरलंय. खाली दोन चौकोन, हो आणि नाही, दोन्ही कोरे. आनंद सहाला येईल. आतल्या खोलीत ती आजीला काहीतरी समजावून सांगतेय, आजी न कळताच हो हो म्हणतेय.
मी अजून तिला उत्तर दिलेलं नाही.