मेंदीखालचे हात

३ फेब्रुवारी १९८६

नखांजवळचा पांढरा डाग मनगटापर्यंत आला. कोड! आमच्या घराण्यात कुणाला नाही, मलाच कुठून? आणि तेही आत्ता — रविवारी वनजाला बघायला बोगादीची माणसं येणार. मुलाचे वडील शिवाजीराव, आमचे हे आहेत त्याच रबराच्या कारखान्यात होते. आता बापाच्या जागेवर मुलगा लागतोय. कायम नोकरी! आईला कोड म्हटल्यावर मुलीला कोण करून घेणार?

ह्यांना हात दाखवले. बघितलंच नाही. "सुम्नीर, जाईल आपोआप." गप्प काय बसू?

७ फेब्रुवारी

ह्यांचे मिक्सिंग खात्यातले कपडे धुतले की हात चरचरतात. रबरात मिसळायची काळी पावडर साबणाने जात नाही मेली.

८ फेब्रुवारी

दोन्ही हातांना मेंदी थापली. वनजा हसते — "अम्मा, बघायला मला येतायत का तुला?"

हस म्हणावं.

९ फेब्रुवारी, रविवार

सगळं लिहितेच.

पांढऱ्या जागी मेंदी लालभडक चढली, बाकी फिकी! मुलाच्या आईला, अंबुबाईंना, कुंकू लावायला गेले तर बाईंनी हातच धरला. उलटसुलट करून बघितला. मेलेच मी! स्थळ गेलं.

हळूच म्हणाल्या, "मिक्सिंगमधले कपडे धुता?"

हो म्हटलं. त्यांनी पदराखालचे हात पुढे केले. कोपरापर्यंत पांढरे!

"कोड नाही हो हे. त्या रबरातलं केमिकल. डॉक्टर म्हणाले, गेलेला रंग परत यायचा नाही. आमच्या ह्यांच्या छातीवर, पाठीवर पण आहे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे जमिनीकडे. माहीत होतं! म्हणून उकाड्यातसुद्धा फुल शर्ट!

ती माणसं गेल्यावर विचारलं तर म्हणे, "सांगितलं असतं तर धुतलं कुणी असतं?"

अय्यो देवा! हे तोंडावर म्हणाले!

१० फेब्रुवारी

बोगादीचा निरोप आला — मुलगी पसंत आहे. कोड नाही. चामुंडीला नारळ फोडून आले. ह्यांच्याशी बोलत नाही.

१६ फेब्रुवारी

अंबुबाई पेढे घेऊन आल्या. खूश! मुलाची ऑर्डर आली. बापाचीच जागा — मिक्सिंग.

वनजाची हनुवटी धरून म्हणाल्या, "मी सुटले ग बाई. आता त्याचे कपडे तू धुवायचे."

वनजा लाजली. हातात चहाचा ट्रे. सावळी, सरळ बोटं — माझ्यावर गेलीत. माझी होती तशी.

पेढा तोंडातच राहिला माझ्या.

१७ फेब्रुवारी

बोगादीला जाऊन नको म्हणून सांगितलं. मीच.

ह्यांचा शर्ट बादलीत तसाच आहे.