गिधाडांची पंगत

५ जानेवारी, रविवार
आमच्या डोंगरावर गिधाडांची जोडी. घरट्यात पिल्लू. जग बघायला येईल! होमस्टेचा बोर्ड रंगवायला टाकला: 'गिधाड दर्शन'. नलू म्हणाली, नाव वाचूनच पाहुणे पळतील. बायकोला मार्केटिंग कळत नाही.

८ जानेवारी
पुण्याहून कुलदीप नावाच्या फोटोग्राफरचा फोन. सहाजण पंचवीसला येतायत. गिधाडं नक्की दिसतील ना, असं विचारत होता. छातीठोक हमी दिली. आपल्यामुळे पर्यटन, पर्यटनामुळे संवर्धन. साखळी पक्की.

१३ जानेवारी
एक कडी ढिली. गिधाडांना खायला नाही. हल्ली ढोर मेलं की लोक जेसीबी बोलावून पुरतात. फॉरेस्टवाले म्हणाले, असंच चाललं तर पिल्लू जगायचं नाही. ठरवलं: मेलेलं ढोर डोंगराखालच्या माळावर नेऊन टाकायचं. फक्त औषध टोचलेलं नको, त्याने गिधाडं दगावतात. नेणार कोण, हा किरकोळ प्रश्न.

१६ जानेवारी
बौद्धवाडीत गेलो. योजना मांडली: ढोर ओढणाऱ्यांना 'निसर्गसेवक' हे पद, टोपी, ओळखपत्र. शाळेतल्या दीक्षाबाईंनी शांतपणे ऐकलं, चहा दिला. मग म्हणाल्या, काका, आमच्या आजोबांनी हे काम छप्पन साली सोडलं, तुम्ही नवं नाव देऊन परत आणलंत.
गैरसमज झाला त्यांचा. मी जातबीत मानत नाही. आधी तिकडे गेलो ते आपलं सहज. चहा मात्र छान होता.

१७ जानेवारी
आपल्या वाडीत विचारलं. गुणाजीची कंबर धरलेली. सुजितची ऑनलाइन मीटिंग. सदूने तोंडावर सांगितलं, आपलं काम न्हाय ते. मग कुणाचं, हे विचारायचं राहिलं.

२४ जानेवारी, दुपारी ३
रामचंद्रची पाडी दरडीवरून पडून मेली. औषध टोचलेलं नाही. उत्तम! (मनातल्या मनात म्हटलं.) जेसीबी माळावर चढत नाही. ताडपत्रीवर घालून एकट्याने ओढली. नाकाला टॉवेल. दोनदा उलटी. वाटेत सगळी वाडी भेटली, कुणी जवळ आलं नाही.

२५ जानेवारी, शनिवार
गिधाडं उतरली. सात! पोटभर जेवली. त्यातली दोन घरट्याकडे गेली. मी रडलो, खरंच. कुलदीपनेही भरपूर फोटो काढले. हात मिळवायला पुढे आला, मध्येच थबकला, लांबूनच नमस्कार केला. सहाही जण मुक्कामाला श्रीवर्धनला गेले.

घरी आलो. कालपासून तीन आंघोळी झाल्यात, तरी नलूने उंबऱ्यावर अडवलं. ताट पडवीत ठेवलं. तांब्याकडे हात नेला तर म्हणाली, शिवू नका, मी ओतते. वरून धार धरली. मी ओंजळ पुढे केली. तहान लागली होती, प्यायलो.

हे काम मी एकच दिवस केलं.